तेलाने माखलेली जमीन आणि चवळीचे मूळ

नायजेरियाचे अध्यक्ष बोला टिनुबू यांनी जून २०२५ मध्ये केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना मरणोत्तर माफी दिली. १० नोव्हेंबर १९९५ रोजी तेव्हाच्या लष्करी राजवटीने या नऊ जणांना फासावर चढवले होते. सारो-विवा लेखक होते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओगोनी लोकांच्या शेतांत, ओढ्यांत आणि खाजणांत सांडलेले खनिज तेल कंपन्यांनी साफ करावे, ही त्यांच्या आंदोलनाची एक मुख्य मागणी होती. आता तीस वर्षांनी माफी आली आणि तिच्याच आगेमागे ओगोनीलँडमध्ये १९९३ पासून बंद असलेले तेल उत्पादन पुन्हा सुरू करण्याची बोलणीही आली. जमीन मात्र अजून पुरती साफ झालेली नाही.

अशा जमिनीवर उपाय काय, हा प्रश्न निघाला की अलीकडे एक उत्तर हमखास ऐकू येते. शेंगवर्गीय झाडे लावा. चवळी, भुईमूग, ताग, लसूणघास यांच्यासारखी झाडे म्हणे तेलाने नासलेली माती शुद्ध करतात. यंत्रे लागत नाहीत, माती खणून दूर न्यावी लागत नाही, खर्च किरकोळ. ऐकायला हे इतके सोयीचे आहे की सरकारांना आणि कंपन्यांना ते आवडले नाही तरच नवल. यात तथ्य आहे का? आहे. परंतु ते नेमके किती आहे आणि कोठे संपते, हे समजून घेणे गरजेचे आहे. स्वस्त उपायाचा गवगवा झाला की महागडा पण आवश्यक उपाय मागे पडतो. औषधोपचारात हे नेहमी घडते. मातीच्या बाबतीतही घडू शकते.

आधी रोगाचे स्वरूप

नायजेरियात व्यापारी प्रमाणात तेल प्रथम सापडले ते १९५६ मध्ये, ओलोइबिरी या गावी. त्यानंतर त्रिभुज प्रदेशात नळांचे जाळे पसरले. नळ गंजले, फुटले, काही ठिकाणी चोरांनी फोडले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनीलँडचा सविस्तर अभ्यास करून ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी दोनशेहून अधिक ठिकाणे पाहिली गेली, माती-पाण्याचे चार हजारांहून अधिक नमुने तपासले गेले आणि पाच हजारांवर रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी चाळल्या गेल्या.

अहवालातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, ४९ ठिकाणी तेल जमिनीत किमान पाच मीटर खोलवर मुरलेले आढळले. दुसरी, निसिसिओकेन ओगाले या वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यात बेंझीनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून अधिक होते. तिसरी, शेल कंपनीच्या दप्तरी ‘सफाई पूर्ण’ अशी नोंद असलेल्या पंधरा जागा पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांपैकी दहा जागी प्रदूषण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्तच निघाले आणि आठ जागी ते भूजलापर्यंत पोहोचले होते. एजामा-एबुबू येथे तेल सांडून चाळीस वर्षे झाली होती, वारंवार सफाईही झाली होती, तरी माती तेलकटच होती. हा सगळा प्रदेश पूर्ववत होण्यास पंचवीस ते तीस वर्षे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठीच एक अब्ज डॉलर उभे करावे लागतील, असा अंदाज अहवालाने दिला.

प्रश्न केवळ शेतीचा नाही. बेंझीन हे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले रसायन आहे. ते अस्थिमज्जेवर घाव घालते. त्यातून रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि काहींना रक्ताचा कर्करोग होतो. तेलातील अनेक कड्यांचे सुगंधी कर्बसंयुग मातीला चिकटून वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांतील काही कर्करोगाला कारण होतात. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन विद्यापीठातील दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये नायजेरियातील तेलगळतीच्या नोंदी आणि बालमृत्यूची माहिती एकमेकांशी ताडून पाहिली. एकाच आईच्या पोटी, जवळपास तेल सांडण्यापूर्वी आणि सांडल्यानंतर गर्भात आलेल्या भावंडांची तुलना त्यांनी केली. गर्भधारणेआधी झालेल्या गळतीमुळे नवजात बालकांचे मृत्यू दर हजार जन्मांमागे ३८ने वाढल्याचे त्यांना दिसले. ही वाढ फार मोठी आहे. म्हणजे तेलाने माखलेली जमीन ही पिकाइतकीच पाळण्याचीही गोष्ट आहे.

तेल मातीला नेमके काय करते?

आपल्याकडचा शेतकरी पेरणीआधी जमिनीला वाफसा आला का ते पाहतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत थोडे पाणी आणि थोडी हवा, असा तो जुळलेला मेळ. तेल नेमका तोच मोडते. ते मातीच्या कणांवर पातळ लेप चढवते. पाऊस पडला तरी पाणी आत न मुरता वरून वाहून जाते, पोकळ्या बुजतात आणि प्राणवायू आत शिरत नाही. बी रुजले तरी कोवळ्या मुळाला पाणी ओढता येत नाही. हलक्या तेलातले काही घटक तर मुळांच्या पेशींना थेट विषारी असतात.

तरीही निसर्गात तेल खाणारे जीवाणू आहेत आणि ते जवळजवळ सर्व मातींत थोड्याफार प्रमाणात सापडतात. तेल सांडले की त्यांची संख्या आपोआप वाढते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत असा एक जीवाणू प्रयोगशाळेत घडवला. सजीवाला पेटंट देता येते, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा प्रसिद्ध निकाल त्याच जीवाणूवरचा. आपल्याकडे ‘टेरी’ या संस्थेने अनेक नैसर्गिक जीवाणूंचे मिश्रण करून ‘ऑइलझॅपर’ हे उत्पादन तयार केले आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतील गाळावर ते वापरले जाते.

मग अडते कोठे? जीवाणूंच्या ताटात. खनिज तेलाच्या वजनात साधारण ८४ ते ८७ टक्के कर्ब असतो, नत्र मात्र बहुधा एक टक्क्याहूनही कमी. जीवाणूंचे शरीर बनते प्रथिनांचे आणि प्रथिनांना नत्र लागतो. म्हणजे तेलाने भिजलेल्या मातीतील जीवाणूंची अवस्था नुसत्या साबुदाण्यावर ठेवलेल्या मुलासारखी होते. पोट भरते, पण वाढ खुंटते. त्यातच मातीत मुळात जो थोडा नत्र असतो, तो हे जीवाणू आधीच ओढून घेतात आणि उगवू पाहणारी झाडे पिवळी पडतात.

मुळांवरच्या गाठी

येथे शेंगवर्गीय झाडांचा प्रवेश होतो. चवळीचे किंवा भुईमुगाचे रोप हलक्या हाताने उपटले तर मुळांवर मोहरीएवढ्या, कधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. नखाने फोडली तर चांगली गाठ आतून गुलाबी निघते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या चुलत भावाचा. गाठीत राहणारे ऱ्हायझोबियम जीवाणू हवेतील नत्र पकडून त्याचे अमोनियात रूपांतर करतात. हे काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, पण जीवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोजूनमापून पोहोचवते. बदल्यात झाड जीवाणूंना साखर देते.

हरभऱ्याचा किंवा मुगाचा बेवड चांगला, हे मराठी शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेंगवर्गीय पीक निघाल्यावर पुढचे पीक जोमाने येते, कारण गळालेली पाने, कुजणारी मुळे आणि गाठी यांतून नत्र मातीत उतरतो. तेलाच्या मातीत हाच बेवड पुढच्या पिकाबरोबर तेल खाणाऱ्या जीवाणूंच्याही कामी येतो.

दुसरा फायदा मुळांच्या स्रावांचा. झाडाने पानांत बनवलेल्या अन्नाचा बराच भाग मुळांवाटे आसपासच्या मातीत झिरपतो. साखर, आम्ले आणि अनेक तऱ्हांचे फिनॉलवर्गीय पदार्थ त्यात असतात. त्यामुळे मुळांभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत जीवाणूंची गर्दी इतरत्रापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्त्स हिल्टनर यांनी या पट्ट्याला १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले, तेही शेंगवर्गीय पिकांचा अभ्यास करता करता. या स्रावांतील काही पदार्थांची रचना तेलातल्या कडीदार संयुगांशी मिळतीजुळती असते. ते पचवण्याची सवय लागलेल्या जीवाणूंना तेलाचे रेणू फोडणेही सोपे जाते, असे प्रयोगांत दिसते. तिसरा फायदा अगदी साधा आहे. मुळे माती फोडतात, वाटा करतात आणि त्या वाटांनी हवा आत जाते. गेलेला वाफसा थोडा परत येतो.

म्हणजे झाड तेल ‘शोषून’ घेत नाही. वृत्तांतांत हे नेहमी चुकीचे छापले जाते. तेल फोडण्याचे काम जीवाणूंचे. झाड त्यांना घर, हवा आणि नत्र पुरवते.

प्रयोग काय सांगतात?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी गॅलेगा या शेंगवर्गीय चाऱ्याच्या झाडाची आणि त्याच्या गाठीतील जीवाणूची जोडी तेलाच्या मातीत तपासली. २००० पासून त्यांचे अभ्यास प्रसिद्ध होत आहेत. मध्यम प्रदूषित मातीत ही जोडी टिकते आणि मुळांभोवतीच्या जीवाणूंना बळ देते, असे त्यांना आढळले. अमेरिकेत लसूणघासावर प्रयोग झाले. नायजेरियातील विद्यापीठांत चवळी, भुईमूग आणि जमीन झाकणाऱ्या वेलींवर कुंड्यांतले कितीतरी प्रयोग झाले आहेत आणि त्यांतील अनेकांचे निष्कर्ष आशादायक आहेत.

पण एक प्रयोग या उत्साहाला लगाम घालतो. व्हेनेझुएला हाही तेलाचा देश. तेथील जड खनिज तेलाने चांगल्याच माखलेल्या मातीत संशोधकांनी तीन शेंगवर्गीय आणि तीन गवतवर्गीय झाडे लावून पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सरळ होता. शेंगवर्गीय तिन्ही झाडे सहा ते आठ आठवड्यांत मेली. गवतवर्गीय झाडे खुरटली, पण जगली. ज्या झाडाची मुळे जास्त वाढली, त्याच्याखालचे तेल जास्त कमी झाले.

असे का व्हावे? कारण गाठ ही नाजूक गोष्ट आहे. तिला हवा लागते आणि तेल हवाच कोंडते. झाड आणि जीवाणू एकमेकांना रासायनिक संदेशांनी ओळखतात, तो संवादही तेलाच्या मातीत बिघडतो. त्यामुळे जास्त प्रदूषणात गाठी कमी येतात किंवा येतच नाहीत. गाठी नसलेली चवळी ही नत्राची दाती नव्हे, आणखी एक मागतकरीण.

कुंडीतल्या प्रयोगांचे आकडे वाचतानाही सावध राहायला हवे. ‘चवळी लावलेल्या मातीतील तेल साठ टक्क्यांनी घटले’ असे वाक्य दिसले तर पहिला प्रश्न विचारावा, चवळी न लावलेल्या कुंडीत किती घटले? हलके तेल उन्हाने उडून जाते. मातीतले जीवाणू झाडाविनाही काम करतात. औषधाच्या चाचणीत जसा औषध न दिलेला गट लागतो, तशीच येथे बिनझाडाची कुंडी लागते. दोन्हींतला फरक, तेवढेच झाडाचे श्रेय. शिवाय बहुतेक प्रयोगांत घरची माती घेऊन तिच्यात ताजे तेल मिसळलेले असते. चाळीस वर्षे मुरलेले डांबरासारखे तेल ही निराळीच बाब. त्यातले सोपे रेणू जीवाणूंनी केव्हाच खाल्लेले असतात आणि उरलेले असतात ते न पचणारे.

हिशेब मांडून पाहू

एक हेक्टर शेतातील वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने वीस लाख किलो भरते. तीत पाच टक्के तेल असेल तर ते झाले शंभर टन. त्यातला कर्ब सुमारे ८५ टन. जीवाणूंना दर शंभर भाग कर्बामागे साधारण दहा भाग नत्र लागतो असे सफाईच्या कामात धरले जाते. म्हणजे हवा साडेआठ टन नत्र. चांगल्या जमिनीत उत्तम वाढलेले शेंगवर्गीय पीक एका हंगामात हेक्टरी ५० ते २०० किलो नत्र बांधते. मेलेल्या जीवाणूंतील नत्र पुन्हा पुन्हा वापरला जातो हे खरे, पण ते धरूनही ही दरी लहान नाही. एवढी माखलेली जमीन नुसत्या चवळीवर सोडणे म्हणजे रक्तस्राव थांबवण्याआधी रुग्णाला टॉनिक लिहून देणे.

आता दुसरे चित्र. वरवरचे तेल काढून झाले आहे, नांगरट झाली आहे, जीवाणूंनी पहिले काम उरकले आहे आणि मातीत तेल उरले आहे ते ०.२ टक्के. हेक्टरी चार टन तेल, सुमारे ३,४०० किलो कर्ब, ३४० किलो नत्राची गरज. हे दोन-तीन हंगामांच्या बेवडाच्या आवाक्यातले आहे. अशा मातीत गाठीही धरतात.

मग युरियाच का टाकू नये? टाकतातही. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर नत्रयुक्त खते फवारली गेली आणि त्याने सफाईला वेग आला. पण पावसाळी प्रदेशात, उथळ विहिरींच्या शेजारी टनावारी युरिया ओतला तर त्याचे नायट्रेट होऊन पाण्यात उतरते. तेच पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळे पडते. शिवाय आयता नत्र मिळाला की शेंगवर्गीय झाड गाठी धरण्याचे कष्टच घेत नाही. म्हणून सुरुवातीला मोजके खत आणि शेणखत, नंतर गाठींचा संथ नत्र, हा क्रम शहाणपणाचा.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की शेंगवर्गीय झाडे हे अखेरच्या टप्प्याचे औषध आहे. आधी गळती बंद झाली पाहिजे. साचलेले तेल उचलले पाहिजे. खूप माखलेली माती वेगळी काढून तिच्यावर प्रक्रिया झाली पाहिजे. त्यानंतर गवत आणि शेंगवर्गीय झाड यांची जोडी लावावी. गवताची तंतुमय मुळे वरची माती विणून काढतात, शेंगवर्गीय झाड नत्र पुरवते. ज्वारीत तूर घेणाऱ्याला हे आंतरपीक नवे नाही.

आणि पाच मीटरवर उतरलेल्या तेलाचे काय? चवळीची बहुतेक मुळे वरच्या हात-दीड हातात असतात. त्याखालचे तेल आणि भूजलातले बेंझीन या दोहोंनाही तिचा स्पर्श होत नाही. वर हिरवेगार शेत आणि खाली विषारी विहीर, हे दोन्ही एकाच जागी नांदू शकते. छायाचित्रात मात्र फक्त हिरवेगार शेत येते. ओगोनीलँडमध्ये कंपनीच्या पद्धतीवर संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा आक्षेप हाच होता. वरची माती उलथापालथ करून निसर्गावर सोडायची आणि काम झाल्याची नोंद करायची, एवढ्यावर ती थांबत होती.

शेंगा कोणी खायच्या?

खरा पेच पुढे आहे. चवळी हे पश्चिम आफ्रिकेचे घरचे धान्य. भिजवून, साल काढून, वाटून तिचे वडे तळतात. त्यांना अकारा म्हणतात आणि रस्त्यारस्त्यावर ते विकले जातात. ज्याची जमीन वर्षानुवर्षे नापीक पडली, त्या शेतकऱ्याला सफाईसाठी चवळी पेरायला सांगायचे आणि लागलेल्या शेंगा खाऊ नकोस असेही सांगायचे, हे कागदावर सोपे असते.

तेलातले जड कडीदार रेणू मुळांच्या सालीला चिकटतात आणि दाण्यापर्यंत फारसे चढत नाहीत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण मातीची धूळ पानांवर आणि शेंगांवर बसते. भुईमुगाच्या शेंगा तर मातीतच पोसतात. खनिज तेलात निकेल आणि व्हॅनेडियम हे धातूही असतात. गॅरेजच्या जळक्या ऑइलमध्ये इतर धातूंची भर पडते आणि धातू जीवाणूंना फोडता येत नाहीत. ते एकतर मातीत राहतात किंवा झाडात शिरतात. म्हणून सफाईच्या काळात त्या शेतातले धान्य, पाला, चारा काहीच खाण्याच्या साखळीत जाऊ नये. त्यासाठी खाण्याची नसलेली झाडे निवडणे बरे. आपल्याकडचा ताग किंवा धैंचा, अथवा आफ्रिकेत जमीन झाकायला वापरतात त्या वेली. आणि जितकी वर्षे जमीन अडकेल तितकी वर्षे शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. तेलाने नासवलेल्या शेताची सफाई शेतकऱ्याच्या उपासावर होऊ नये.

हे खर्च कोणी उचलायचे? बोडो या ओगोनी गावाजवळ २००८ मध्ये दोनदा नळ फुटले. लंडनमधील दाव्यानंतर शेलच्या नायजेरियन उपकंपनीने जानेवारी २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंड देण्याचे मान्य केले. हेगच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दोन गावांच्या बाजूने निकाल दिला. ओगोनीलँडच्या सफाईचा कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला. मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातील जमिनीवरचा तेलव्यवसाय एका स्थानिक कंपनीसमूहाला विकून टाकला. मालक बदलला, माती तीच आहे. आता तेथे पुन्हा उत्पादन सुरू झाले आणि पाठोपाठ गळतीही सुरू झाली, तर आधीच्या सफाईवर पाणी पडेल.

भारतात काय?

हा प्रश्न भारतापासून दूर नाही. आसाममधील डिगबोईची तेलशुद्धी १९०१ पासूनची. त्याच आसामात बागजान येथील विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायू आणि तेलाचा स्फोटक उद्रेक झाला, ९ जूनला तिने पेट घेतला आणि आग पूर्ण विझेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. आसपासची शेते, चहाचे मळे आणि मागुरी-मोटापुंग पाणथळ यांवर तेलाचा थर बसला. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ जहाजाची टक्कर झाली, तेव्हा तेल रायगडच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीत शिरले. आणि मोठी दुर्घटना नसलेली, पण रोज घडणारी गळती तर गावोगावच्या गॅरेजांमागे, डिझेल पंपांच्या आणि जुन्या टाक्यांच्या खाली चालूच असते.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम अधिसूचित केले. देशात अशा १०३ जागा ठरवल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी सफाई सुरू झाली, अशी ही स्थिती. नव्या नियमांनी जिल्हा प्रशासनावर संशयित जागा कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, राज्य मंडळांना तपासणीची मुदत घालून दिली आहे आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यावा हे तत्त्व मान्य केले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण जागा निश्चित झाल्यावर सफाई किती दिवसांत संपवायची, याची ठाम मुदत त्यात नाही. समुद्रातील तेलाचे प्रदूषण आणि खाणकामाने झालेले प्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर आहे.

मुदत नसते तेथे स्वस्त आणि संथ उपायाची भुरळ पडते. उद्या एखाद्या प्रदूषित जागेवर धैंचा पेरून ‘हरित सफाई’चा फलक लागला, तर गावकऱ्यांनी आणि पत्रकारांनी चार प्रश्न विचारावेत. गळती थांबली आहे का? तेल किती खोल गेले आहे, हे छिद्रे घेऊन तपासले का? आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्यात बेंझीन तपासले का? आणि झाडे न लावलेला एक वाफा तुलनेसाठी राखला आहे का? या चारांची उत्तरे समाधानकारक असतील तर धैंचा, ताग, गिरिपुष्प, किनाऱ्याच्या खारट जमिनीतही तग धरणारा करंज, यांना आपापल्या जागी जरूर संधी द्यावी. आपल्या कृषी विद्यापीठांकडे ऱ्हायझोबियमचे संवर्धन तयार करण्याचा अनुभव आहे. तेलाच्या मातीत टिकणारे वाण शोधणे हे त्यांच्या आवाक्यातले काम आहे.

शेजारच्या विहिरींची तपासणी आणि जवळ राहणाऱ्यांची, विशेषतः गरोदर स्त्रियांची आरोग्यनोंद ही सफाईचाच भाग मानली गेली पाहिजे. दूषित विहीर असेल तर झाडे लावण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दुसरे पाणी मिळाले पाहिजे. ओगोनीलँडच्या अहवालातही तातडीच्या उपायांत पिण्याच्या सुरक्षित पाण्याला अग्रक्रम होता. मातीला पंचवीस वर्षे थांबता येते. आज जन्मलेल्या बाळाला तेवढा वेळ नसतो.